तिसऱ्या नंबरची बाउट

भाऊंना मागून हाक मारायची नाही, हे आमच्या ऑफिसात नवीन आलेल्या माणसाला पहिल्याच दिवशी सांगितलं जायचं. कारण मागून कोणी "ओ भाऊ" म्हटलं, की भाऊ आधी हनुवटी डाव्या खांद्यात खुपसायचे, दोन्ही मुठी गालापाशी न्यायचे आणि मग वळून अगदी मऊ आवाजात म्हणायचे, "बोला." तोवर हाक मारणारा मागे सरकलेला असायचा. पुण्याहून बदलून आलेल्या एका साहेबांनी हे हसण्यावारी नेलं आणि मागून जाऊन पाठीवर थाप मारली. भाऊंनी काही केलं नाही, नुसते वळले. पण साहेबांच्या हातातला चहा साहेबांच्याच शर्टावर गेला. त्यानंतर साहेब त्यांना फोन करून बोलवायला लागले, शेजारच्या टेबलावरूनसुद्धा.

अमरावतीच्या वीज कार्यालयात मी तक्रार केंद्राच्या फोनवर होते आणि भाऊ लाइनमन. लोकांनी मला शिव्या द्यायच्या, मी त्या गाळून भाऊंना पत्ता सांगायचा, भाऊंनी जाऊन खांबावर चढायचं, असा आमचा वर्षानुवर्षांचा धंदा. नोकरी त्यांना खेळाडूंच्या कोट्यातून लागली होती. तरुणपणी ते हेवीवेट बॉक्सर होते आणि अंगापिंडानं शेवटपर्यंत तसेच राहिले. ते खांबावर चढले, की खाली जमलेले लोक भाऊंची नाही, खांबाची काळजी करायचे.

आता बॉक्सर म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे भिंतभर पदकं येतील. फ्रेजरपुऱ्यातल्या त्यांच्या घरी तशी भिंत होतीही. फक्त पदकं सगळी एकाच रंगाची, कांस्य. राज्य स्पर्धेत भाऊ दरवर्षी उपांत्य फेरीपर्यंत जायचे आणि तिथे पोलिसांचा नाहीतर रेल्वेचा कोणी गडी त्यांना हरवायचा. हरायचे, पण पडायचे नाहीत. "मले कोनी पाडलं नाही, ताई," ते सांगत. "पॉइंटावर नेलं मले." जणू काही कोणी बोट धरून बाजारात नेलं होतं.

त्या भिंतीचं कोणी कौतुक करायला लागलं, की भाऊ हात हलवून ते थांबवायचे. "ते ठीक हाय. पन अकोल्यासंगं नाही लागली." हे वाक्य मी किती वेळा ऐकलं असेल, त्याचा हिशोब नाही. बारशाला ऐकलं, बदलीच्या निरोपाला ऐकलं, एकदा तर विजेचा धक्का बसून खाली बसलेले असताना ऐकलं. आम्ही घाबरून विचारत होतो, भाऊ बरे आहात ना, आणि ते म्हणाले, "बरा हाय. मेलो असतो आज, आन् अकोल्यासंगं नाही लागली."

अकोला म्हणजे त्यांच्याच वयाचा, त्यांच्याच वजनाचा आणि दरवर्षी त्यांच्याचसारखा उपांत्य फेरीत हरणारा अकोल्याचा बॉक्सर. ताजनापेठेत त्याची बापजाद्यांपासूनची बेकरी. स्पर्धेत माइकवाला नाव बाजूला ठेवून जिल्हाच पुकारायचा, म्हणून हे दोघं एकमेकांना आयुष्यभर गावाच्या नावानं हाक मारत राहिले. भाऊंच्या मोबाइलमध्येही तो 'अकोला' याच नावानं होता. एकदा आमच्या साहेबांना घाईत अकोल्याच्या कार्यालयाशी बोलायचं होतं. भाऊंचा मोबाइल समोर पडलेला, साहेबांनी अकोला दिसल्याबरोबर नंबर दाबला आणि दरडावून विचारलं, "ट्रान्सफॉर्मर कधी पाठवताय?" पलीकडून शांतपणे उत्तर आलं, "कितने किलो?"

ह्या दोघांची लढत का लागली नाही, ते सांगायला हवं. कुस्तीत उपांत्य फेरीत हरलेल्यांची तिसऱ्या नंबरसाठी पुन्हा कुस्ती लावतात. बॉक्सिंगमध्ये तसं नाही. तिथे हरलेल्या दोघांनाही कांस्य देऊन मोकळे होतात. मार खाल्लेल्या माणसाला परत मारात घालू नये, असा त्यात विचार आहे म्हणे. विचार दयाळू आहे, मी नाही म्हणत नाही. पण त्या दयेनं भाऊंचा घात केला. आयोजकही असे, की वऱ्हाडातले हे दोन तगडे गडी एकमेकांतच आधी झुंजू नयेत म्हणून त्यांना ड्रॉच्या दोन टोकांना टाकायचे. फायनलमध्ये भेटतील, ही आशा. दोघंही फायनलच्या दारात जाऊन परत यायचे.

म्हणजे ठोसा कधी लागला नाही, पण बक्षीस समारंभात दोघं दरवर्षी तिसऱ्या पायरीवर शेजारी शेजारी. ती पायरी एका माणसापुरती केलेली. तिच्यावर दोन हेवीवेट मावायचे कसे? मग एकाने दुसऱ्याच्या कमरेला मिठी मारायची, दुसऱ्याने त्याच्या खांद्याला धरायचं, आणि राष्ट्रगीत संपेपर्यंत पडायचं नाही. भाऊंकडे असा एक फोटो आहे. पहिल्या नंबरचा माणूस वर ताठ उभा आहे आणि खाली हे दोघं सुजलेल्या डोळ्यांनी एकमेकांना आवळून धरताहेत. मी म्हटलं, "भाऊ, हे तर भरतमिलाप दिसतंय." भाऊ गंभीरपणे म्हणाले, "तो मले ढकलून राह्यला होता."

एकमेकांच्या बाउट मात्र त्यांनी कधी चुकवल्या नाहीत. स्वतःची हरून झाली, की भाऊ डोळ्यावर बर्फ धरून अकोल्याची बाउट पाहायला खुर्चीवर येऊन बसायचे. ते सांगायचे, "तो दुसऱ्याले मारे आन् मी इकडे खुर्चीवर झुके. मले वाटे, मलेच मारून राह्यला." असं बघून बघून एकाला दुसऱ्याचा प्रत्येक ठोसा पाठ झाला होता. लग्न ठरलेल्या पण न झालेल्या माणसाबद्दल बायका जसं बोलतात ना, तसं भाऊ अकोल्याबद्दल बोलायचे.

दुपारच्या डब्याच्या वेळी आमच्या टेबलावर ती बाउट लागायची. पाण्याची उंच बाटली म्हणजे भाऊ. लोणच्याची बुटकी, रुंद बरणी म्हणजे अकोला. "मी लांबून खेळनारा," बाटली पुढे सरकवत भाऊ सुरू करायचे. "माह्या डावा हात लांब. तो बुटका, तो आत घुसनार आन् बरगडीत हाननार. पहिली राउंड माह्यी. दुसरी त्याची, मी खोटं नाही बोलत." मग सगळे जेवायचे थांबायचे. "आन् तिसरी?" भाऊ बाटलीचं झाकण फिरवत बसायचे. "तिसरीचं तं भांडन हाय ना."

एकदा एका नव्या वायरमननं मस्का लावायचा म्हणून म्हटलं, "भाऊ, तिसरीची गरजच काय? तुमी त्याले पहिलीतच झोपवलं असतं." भाऊंनी त्याच्या ताटातली लोणच्याची फोड उचलून परत बरणीत टाकली. "तू त्याले पाह्यलं काय बे कधी? नाही ना? मंग जेव गुपचूप." अकोल्याला शिव्या द्यायचा हक्क अमरावतीत फक्त एकाच माणसाला होता आणि तो रोज बजावला जायचा. डबा झाला की भाऊ व्हरांड्यात जाऊन फोन लावायचे. आम्हाला इकडची बाजू ऐकू यायची. "काय बे अकोला? ... तुह्यात दम राहिला असता काय तिसरीले? ... हट! माह्या डावा खाऊन उभा राह्यला असता काय?" बेकरीतही तेव्हा भट्टी थंड झालेली असायची. दोघंही रोज दुपारी मोकळे.

एक वर्ष मात्र असं आलं होतं, की चिठ्ठ्या टाकल्या गेल्या आणि उपांत्य फेरीत हेच दोघं समोरासमोर आले. स्पर्धा नाशिकला होती. हे भाऊंनी मला एकदाच सांगितलं, एका वादळी दुपारी, अर्ध्या शहराची लाइट गेलेली होती आणि आमचा फोन वाजून वाजून बंद पडला होता तेव्हा. भाऊ सांगत होते, की त्या सकाळी ते वेळेच्या कितीतरी आधी तयार होऊन बसले. ग्लोव्ह बांधून ते रिंगमध्ये जाऊन उभे राहिले. माइकवर पुकारलं, "अकोला." कोणी आलं नाही. परत पुकारलं. भाऊ दोर धरून दरवाज्याकडे बघत होते. तिसऱ्यांदा पुकारलं आणि पंचानं येऊन रिकाम्या रिंगमध्ये भाऊंचा हात वर केला. टाळ्या वाजल्या. "मी हात खाली वोढला, ताई," भाऊ म्हणाले, "त्यानं पुन्हा वर केला."

त्या दिवशी पहाटे अकोल्याचे वडील वारले होते. तेव्हा मोबाइल कुठले! भाऊंना ते संध्याकाळी समजलं. दुसऱ्या दिवशी फायनल ते हरले आणि रौप्यपदक घेऊन गाडीनं अमरावतीला यायच्या ऐवजी अकोल्याला उतरले. तसेच, पाठीवर किटची बॅग, कपाळावर टाके. ताजनापेठेतल्या त्या घरात माणसं चटईवर बसलेली होती. भाऊंना काय बोलावं सुचेना. त्यांनी बॅगेतून पदक काढलं आणि अकोल्याच्या मांडीवर ठेवलं. म्हणाले, "घे. फुकटचं हाय." अकोल्यानं ते उलटंसुलटं करून पाहिलं. रडून रडून त्याचा आवाज बसला होता. "मैं आया होता ना," तो म्हणाला, "तो तेरेको ये भी नहीं मिलता." आणि मग त्या मयताच्या घरात दोघंही असे हसले, की आतल्या बायका दाराशी येऊन बघायला लागल्या. हसता हसता अकोला भाऊंच्या गळ्यात पडून रडायला लागला. भांडण सुरू झालं ते त्या दिवसापासून. ते पदक अकोल्यानं परत भाऊंच्या बॅगेत टाकलं, पण भिंतीवर ते कधीच लागलं नाही. भाऊंच्या बायकोनं, म्हणजे वहिनींनी, ते कुठेतरी कपड्यांच्या घडीत ठेवून दिलं.

मी अकोल्याला पहिल्यांदा पाहिलं ते भाऊंच्या मुलीच्या लग्नात. बडनेरा रोडवरच्या मंगल कार्यालयात एक रुंद माणूस डोक्यावर खारीचं भलंमोठं खोकं घेऊन आत शिरला आणि दारातूनच ओरडला, "क्या बोलता अमरावती?" भाऊ व्याह्यांशी बोलत होते. त्यांनी व्याह्यांना तसंच सोडलं. पुढे अर्धा तास मांडवात नवरानवरीकडे कोणाचं लक्ष नव्हतं, सगळे ह्या दोघांच्या भोवती. कोट घातलेले भाऊ डावा हात कसा जातो ते दाखवत होते, शेरवानी घातलेला अकोला खाली वाकून त्यांच्या पोटात शिरत होता. मुलीकडचे म्हणत होते भाऊ जिंकले असते. नवऱ्याकडच्या एका काकांनी अकोल्याची बाजू घेतली आणि तो माणूस आमच्या ऑफिसात कायमचा बदनाम झाला. शेवटी वहिनी आल्या आणि म्हणाल्या, "पोरीले निरोप द्याचा हाय. मंग मारा एकमेकाले."

भाऊ निवृत्त झाले तेव्हा साहेबांनी चांगलं भाषण केलं, शाल दिली. उत्तराला भाऊ उभे राहिले. "नोकरी चांगली झाली," ते म्हणाले, आणि आम्ही सगळ्यांनी मिळून पुढचं वाक्य पूर्ण केलं. सभागृह हसलं. भाऊही हसले, पण मी पुढच्या रांगेत होते आणि मला त्यांचा चेहरा दिसत होता. माणसाला एखादी गोष्ट खरंच हवी असते आणि लोकांना तिचं हसू येत असतं, तेव्हा तो माणूसही हसतो, दुसरं करणार काय.

आणि मग ते घडून आलं. अकोल्यात मुलांना बॉक्सिंग शिकवणारा एक तरुण प्रशिक्षक बेकरीचं गिऱ्हाईक होता. रोजचं फोनवरचं भांडण ऐकून ऐकून त्याच्या डोक्यात आलं, की आपल्या स्पर्धेच्या उद्घाटनाला ह्या दोन म्हाताऱ्यांची प्रदर्शनीय लढत का लावू नये? मोठे ग्लोव्ह, डोक्याला गार्ड, लहान लहान तीन राउंड. निकाल देऊ, म्हणाला. अगदी तीन पंच बसवू.

भाऊंनी मला फोन केला. आधी नुसताच श्वास ऐकू आला. मग, "ताई, लागली."

त्यानंतरचे ते काही आठवडे भाऊंना पाहायला हवं होतं तुम्ही. पहाटे वडाळी तलावाच्या कडेनं धावायचे. घरी अंगणात दोरीवरच्या उड्या मारायचे तेव्हा शेजारणीच्या फळीवरचे डबे खाली येत. वहिनी कपाळाला हात लावायच्या. "नातू दोरी खेळते तं आजा बी खेळते. मी कोनाले रागावू?" पण त्यांना दोन वेळा अंडी उकडून द्यायच्याही वहिनीच. एकदा मी गेले तर भाऊ आरशासमोर उभे होते. मला बघून लाजले. "तिसरी राउंड करून पाहून राह्यलो," म्हणाले. "डावा वर ठेवा लागते."

लढतीआधी डॉक्टरचं सर्टिफिकेट लागणार होतं. ते आणायला भाऊ इथल्याच एका दवाखान्यात गेले. दुपारी त्यांचा फोन आला तो तक्रार केंद्राच्याच नंबरवर. "ताई, तक्रार लिवून घ्या," ते म्हणाले. "मेन लाइनमधेच फॉल्ट निघाला." हृदय निम्म्यानंच काम करत होतं. डॉक्टरांनी दोरी, धावणं, जिना, सगळं बंद करून टाकलं होतं.

मी ऑफिस सुटल्यावर तडक त्यांच्या घरी गेले. भाऊ पलंगावर बसले होते. मी म्हटलं, अकोल्याला सांगा खरं काय ते, चार दिवसांत इथे येईल बिचारा. भाऊ एकदम उखडले. "बिलकुल नाही. त्याले समजलं तं खतम. मंग तो भांडते काय? मंग तो म्हनन, कसा हायेस भाऊ, गोळ्या घेतल्या काय भाऊ. भाऊ म्हनन तो मले! मले अमरावती म्हननारा एकच मानूस हाय, ताई. ते मले नाही जमत."

आणि माझ्यासमोरच त्यांनी फोन लावला. "काय बे अकोला? बाउट कॅन्सल. ... म्यांच केली. कमिटीवाले म्हनते तुह्यं पोट रिंगमधे मावत नाही. ... हो. दोर तुटन म्हनते." पलीकडून जो आरडाओरडा सुरू झाला, तो मला खोलीच्या दुसऱ्या टोकाला ऐकू येत होता. डरपोक, पळपुटा, कायकाय. भाऊंनी फोन कानापासून दूर धरला होता. दुसरा हात छातीवर होता आणि तोंडभर हसू. इतकं सुखी हसू मी त्या माणसाच्या चेहऱ्यावर त्याआधी पाहिलं नव्हतं आणि मला ते बघवेना. मी स्वयंपाकघरात वहिनींकडे निघून गेले. तिथे त्याही ओट्याला धरून उभ्या होत्या.

पुढे आठ-नऊ महिने ते भांडण जोरात चाललं. अकोला चिडलेला असल्यामुळे त्याला नवा जोर आला होता. भाऊंचा आवाज बारीक होत गेला, पण फोन चुकला नाही.

शेवटच्या खेपेला त्यांना दवाखान्यात ठेवलं तेव्हा मी संध्याकाळी भेटायला गेले होते. वहिनी औषधं आणायला खाली गेल्या होत्या. भाऊंनी मला जवळ बोलावलं. मला वाटलं पाणी हवंय.

"एक सांगू ताई? तिसऱ्या राउंडले माह्या डावा हात खाली पडे. दरसाली. मले समजे, पन उचलल्या जात नसे. पोलिसवाल्याले नाही समजलं, रेल्वेवाल्याले नाही समजलं. अकोल्याले माहीत होतं. तो खुर्चीवर बसून तेच पाहे." भाऊंनी चादरीवरचा डावा हात थोडा उचलून पाहिला. "लागली असती तं त्यानं मले पाडलं असतं. कोनी नाही पाडलं मले. त्यानं पाडलं असतं."

मी त्यांचं पांघरूण सारखं केलं.

"त्याले सांगू नोका," भाऊ म्हणाले. "चढन तो."

त्या आठवड्यातच ते गेले. अकोला पहिल्या गाडीनं आला. हृदयाचं त्याला वहिनींकडून तेव्हा कळलं. भाऊंना उचलायचं म्हणजे सोपं काम नव्हतं, माणसं बदलत होती, पण अकोल्यानं समोरचा खांदा धरला तो शेवटपर्यंत सोडला नाही. त्रिसरण झालं, लोकांनी फुलं वाहिली, चार जण चार शब्द बोलले. त्यालाही कोणीतरी बोला म्हटलं. त्यानं मान हलवली आणि मागे जाऊन उभा राहिला.

आमच्या डब्याच्या टेबलावर आता लोक मोबाइल बघत जेवतात. लोणच्याची बरणी येते, पाण्याची बाटली येते, कोणी कोणाला पुढे सरकवत नाही. दुपारी व्हरांडा शांत असतो. मला बॉक्सिंगमधलं काडीचं कळत नाही, दोन माणसांनी एकमेकांची तोंडं फोडावीत आणि त्याला खेळ म्हणावं हे मला अजून पटलेलं नाही. पण त्या भांडणाची मला इतकी आठवण यायची, की शेवटी एका रविवारी मी उठले आणि अकोल्याची गाडी धरली. नातेवाइकांना भेटायचंय असं घरी सांगितलं. मूर्तिजापूर येईपर्यंत मी स्वतःलाही तेच सांगत होते.

बेकरीत अकोला एकटाच होता. बारीक झाला होता. मला ओळखून त्यानं स्टूल पुसून दिलं, चहा सांगितला. "बैठो बहन. वहिनी कैशी हायेत? नातू शाळेत जाते का?" सगळं विचारलं, भाऊ सोडून. मी चहा संपवला आणि ज्यासाठी आले होते ते सरळ काढलं. "भाई, तुम्ही काहीही म्हणा. लागली असती तर भाऊच जिंकले असते."

त्यानं काउंटरवर हात आपटावा म्हणून मी वाट बघत होते. ओरडावं, डरपोक म्हणावं. तो टोस्ट कागदात बांधत होता.

"हौ," तो म्हणाला. "वोच जितता."

स्मशानात मला रडू आलं नव्हतं, ते तिथे आलं. भाऊ गेले हे मला तोवर माहीत होतं, पण ते खरं झालं त्या दुकानात, त्या दोन शब्दांनी. भाऊंना हृदयाची भीती नव्हती. त्यांना ह्याचीच भीती होती.

"असं कसं?" मी म्हटलं. "इतकी वर्षं तर तुम्ही..."

"दूसरी राउंड के बाद मेरा दम खतम होता था, बहन. सबको मालूम. वो लंबा मानूस, दूर से मारता." दोरी तोडून त्यानं पुडा बाजूला ठेवला. "और अब क्या बोलना? गये हुए आदमी के बारे में अच्छाच बोलना."

अच्छाच! मला असा राग आला की मी उभी राहिले. भाऊ, मला माफ करा, असं मनातल्या मनात म्हटलं आणि मोठ्यानं म्हणाले, "तिसऱ्या राउंडला त्यांचा डावा हात खाली पडायचा. तुम्हाला माहीत होतं. तुम्ही पाडलं असतं त्यांना. कोणी पाडलं नाही, ते तुम्ही पाडलं असतं. भाऊ स्वतः म्हणाले मला, दवाखान्यात."

तो जागच्या जागी थांबला. "क्या बोला अमरावती?"

मी पुन्हा सांगितलं, शब्दाला शब्द.

त्याचं तोंड लाल झालं. आधी मान, मग कान. "झूठ!" त्यानं काउंटरवर हात आपटला, टोस्टचा पुडा उडाला. "मर जायेगा पर वो ऐसा नहीं बोलेगा!"

"बोलले. आणि तुम्हाला सांगू नका, चढेल तो, असंही बोलले."

"बायां हाथ गिरता था, हौ, गिरता था! मगर गिरते गिरते मारता था वो! खुद को मालूम नहीं उसको, मैं बैठ के देखता था! तुम क्या बताते मेरेको?" तो काउंटरची फळी उचलून बाहेर आला. "उठो. इधर खडे रहो. तुम अकोला. मैं अमरावती."

मी, तक्रार केंद्राची बाई, खांद्याला पर्स, ताजनापेठेतल्या बेकरीत दोन्ही मुठी वर करून उभी राहिले. अकोला टाचा उचलून, मान ताणून जमेल तेवढा उंच झाला आणि त्याचा डावा हात माझ्या नाकासमोर येऊन थांबला, परत गेला, परत आला. "ऐसा! ऐसा! आओ अंदर, कैसे आते?" मी वाकून आत शिरायचा प्रयत्न केला. "बरगडी!" मी ओरडले. "तुमच्या बरगडीत बसला!" "हट! लगाच नहीं!" दारात पिशवी घेऊन आलेल्या एका बाईनं विचारलं, "भाईजान, टोस्ट है क्या?" तो वळलाही नाही. "रुको जरा. बाउट चालू है."

मग त्याला धाप लागली. मैद्याच्या पोत्यावर तो धपकन बसला, दोन्ही हात गुडघ्यांवर, घामानं आणि डोळ्यांच्या पाण्यानं सगळा चेहरा ओला. छातीचा भाता वाजत होता. माझेही केस सुटले होते. इतकं बरं मला कित्येक महिन्यांत वाटलं नव्हतं.

"मग?" मी म्हटलं. "मानता की नाही?"

त्यानं बोलायला तोंड उघडलं, पण श्वास पुरेना. म्हणून त्यानं हाताचा पंजा वर करून मला थांबवलं.

"ठैरो," तो म्हणाला. "एक मिनट का आराम रहता. अभी पहलीच हुई."

मी पर्स काढून काउंटरवर ठेवली आणि माझ्या कोपऱ्यात जाऊन उभी राहिले.